गच्चीवरचं ऊन, दारातली गाडी आणि १४ महिन्यांची वही

"तुमचं काय बाबा, फुकटात फिरताय!" गच्चीवर सोलर आणि दारात इलेक्ट्रिक गाडी, म्हणून हे वाक्य मी गेल्या १४ महिन्यांत इतक्यांदा ऐकलंय, की आता नुसता हसतो. फुकट नाही. पण किती पडतं, हे सांगायचं तर वही उघडावी लागते. चार्जिंगच्या सॉकेटला मी पहिल्याच आठवड्यात वेगळा सबमीटर लावून घेतला होता. त्यामुळे खाली जे आकडे आहेत ते अंदाजाचे नाहीत, आमच्या घरचे आहेत. तुमचे वेगळे येतील.

आधी परिस्थिती सांगतो. सांगलीत स्वतःचं एकमजली घर, गच्ची मोकळी, गाडी कंपाउंडच्या आत लागते. बायको तासगावजवळच्या शाळेत शिक्षिका आहे. जाऊन-येऊन ५० किलोमीटर. माझं काम घरूनच चालतं. ऑगस्ट २०२४ मध्ये गच्चीवर ५ किलोवॅटचे पॅनेल बसवले आणि त्याच दिवाळीत २४ युनिटची बॅटरी असलेली छोटी हॅचबॅक घेतली. गाडीचं मॉडेल मुद्दाम सांगत नाही, नाहीतर खाली चर्चा त्याच्यावरच घसरते.

पॅनेलचा खर्च २,९५,००० रुपये. पीएम सूर्यघर योजनेतून ७८,००० अनुदान खात्यात आलं. पहिल्या दोन किलोवॅटला ३०-३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, त्यापुढे कितीही लावा, शून्य. हे लक्षात ठेवा, पुढच्या हिशेबाची गोम इथेच आहे. शिवाय मंजूर भारापेक्षा, म्हणजे महावितरणने घराला ठरवून दिलेल्या किलोवॅटपेक्षा, जास्त क्षमतेचे पॅनेल नेट मीटरवर (ग्रिडला दिलेली आणि घेतलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर) चालत नाहीत, म्हणून आधी भार वाढवून घ्यावा लागला. तो तसाही वाढवायलाच हवा होता. गाडी १५ अँपिअरच्या सॉकेटवरून सलग तीन किलोवॅट ओढते, आणि त्यात सकाळी कुणी गीझर लावला की एमसीबी पडलाच.

पॅनेल बसवणाऱ्या एजन्सीने पहिल्याच महिन्यात एक दणका दिला. नेट मीटर बसायच्या आधीच त्यांनी सिस्टीम चालू करून ठेवली, "बघा सर, जनरेशन सुरू" म्हणून. जुना मीटर बिचारा बाहेर जाणारी वीजसुद्धा वापर म्हणूनच मोजत होता. बिल आलं तेव्हा कळलं. नेट मीटर बसेपर्यंत सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा) बंदच ठेवायचा, हे मला सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं. तुम्हाला मी सांगतोय.

आता मुख्य अडचण. ऊन असतं दहा ते चार, आणि त्या वेळेत गाडी तासगावला शाळेच्या आवारात कडुलिंबाखाली उभी असते. ती पावणेसहाला घरी येते तेव्हा माझे पॅनेल दोन-चारशे वॅटवर आलेले असतात. हिवाळ्यात तेवढेही नाहीत. म्हणजे गाडीत जाणारी वीज बहुतेक वेळा सरळ महावितरणची. दुपारी मी ग्रिडला दिलेली युनिटं रात्री परत घेतो, एवढंच. नेट मीटर आहे म्हणून हे जमतं. तो नसता तर सगळा खेळच वेगळा झाला असता.

सुरुवातीला रोज रात्री प्लग लावायचो, मोबाइलसारखा. मग हिशेब केला. ५० किलोमीटरला भिंतीतून पावणेसात युनिटं लागतात, म्हणजे सव्वादोन तासांचं चार्जिंग. रोज लावायची गरजच नव्हती. आता रविवारी दुपारी आणि बुधवारी रात्री, असं दोनदा. सुट्ट्या धरून ऊन असताना झालेलं चार्जिंग वहीत वेगळं लिहितो. ते एकूणच्या निम्म्याला जरा कमी भरतं.

रविवारी दुपारी मात्र मजा असते. अ‍ॅपवर इन्व्हर्टर ३.६ किलोवॅट दाखवतो, सबमीटर ३.० दाखवतो, घरात फ्रिज आणि दोन पंखे. ग्रिडकडे जाणारा आकडा जवळपास शून्य. मग एखादा ढग येतो, आकडा धाडकन १.१ वर, आणि पुन्हा वर. मी ते बघत बसतो, आणि बायको म्हणते, "गाडी चार्ज होतेय का तू?"

१४ महिन्यांत गाडी १७,३०० किलोमीटर पळाली. त्यातली घरच्या चार्जिंगवर १५,२००, बाकी बाहेरच्या चार्जरवर. घरी लागली २,०२० युनिटं, म्हणजे युनिटला साडेसात किलोमीटर. गाडीचा डिस्प्ले यापेक्षा बराच चांगला आकडा दाखवतो, कारण चार्जिंगमध्ये उडून जाणारी वीज त्याला दिसत नाही. तुमचं बिल मात्र भिंतीतून किती गेलं ते बघतं.

आता २०२५ या एका वर्षाचा हिशेब घेतो. घरच्या चार्जिंगवरचे १३,००० किलोमीटर, १,७३० युनिटं. जुन्या पेट्रोल गाडीला, १६ चं अ‍ॅव्हरेज आणि १०४ चा दर धरून, साडेचौऱ्याऐंशी हजार लागले असते. पॅनेल नसते आणि हीच वीज विकत घेतली असती तर? आमच्या घराचा वापर महिन्याला २९० युनिटांच्या घरात आहे. म्हणजे गाडीची जवळजवळ सगळी युनिटं ३०० च्या पुढच्या टप्प्यात जाऊन बसतात, जिथे दर खरंच झोंबतो. वहन आकार (वीज घरापर्यंत आणून देण्याचे पैसे) आणि १६ टक्के वीज शुल्क धरून मी १६ रुपये पकडले. साधारण २८,००० झाले असते.

म्हणजे नुसती गाडी बदलूनच साडेछप्पन्न हजार वाचतात, गच्चीवर एकही पॅनेल नसताना. लोक मात्र ही सगळी बचत सोलरच्या नावावर टाकतात आणि मग वर घराचं बिल शून्य झालं तेही त्याच्यातच धरतात. एकच रुपया दोनदा मोजला की कुठलाही सौदा सोन्याचा दिसतो.

आणि सोलर असताना गाडीची वीज शून्य रुपयांची, हेही खोटं. गाडी नसती तर ती १,७३० युनिटं ३१ मार्चला, महावितरण वर्षाचा हिशेब मिटवते तेव्हा, शिल्लक राहिली असती आणि त्यांचे युनिटला तीनच्या आसपास रुपये मिळाले असते. म्हणजे वर्षाचे पाचेक हजार मी सोडतोय. गाडीचं खरं 'इंधन' तेवढ्याचं. २८ चे ५ झाले, सोलरने गाडीसाठी वाचवले २३ हजार.

यातून मला जे कळलं ते सुरुवातीच्या समजुतीच्या उलट आहे. मला वाटायचं, सोलर आहे म्हणून गाडी परवडते. खरं तर गाडी सोलरशिवायही परवडते, आणि गाडी आहे म्हणून मोठं सोलर परवडतं. घरापुरते तीन किलोवॅट पुरले असते. वरचे दोन, ज्यांना दमडीचं अनुदान नाही, ते मी गाडीसाठी लावले. त्या दोनांचे साधारण ९५,००० पडले. ते चार-पाच वर्षांत वसूल होतील. गाडी नसती तर तीच युनिटं तीन रुपयांनी विकत बसलो असतो, आणि वसुलीला अठराएक वर्षं लागली असती.

उत्पादनाचं म्हणाल तर २०२५ मध्ये ६,३४० युनिटं झाली. एजन्सीने ७,००० सांगितली होती. तफावतीची तीन कारणं. एक, मे. सांगलीचा मे म्हणजे आग, पण २०२५ चा मे महिना पावसानेच खाल्ला. मोसमी पाऊस केरळात २४ मेलाच आला आणि त्याआधीही आमच्याकडे वळवाने आठवडा आठवडा ऊन दिसू दिलं नाही. एरवी एप्रिल-मेमध्ये साठलेल्या युनिटांवर जुलै-ऑगस्ट निघतात. या वेळी साठाच कमी पडला आणि ऑगस्टचं बिल नेट मीटर बसल्यापासून पहिल्यांदा चार आकडी आलं. जुलैत दिवसाला आठ-नऊ युनिटं मिळाली तरी खूप, असं चाललं होतं. मार्चमध्ये बावीस मिळतात.

दोन, साखर कारखान्यांची काजळी. दिवाळीनंतर गाळप सुरू झालं की आमच्या भागात गच्चीवर काळे कण पडतात. वाळत घातलेले पांढरे कपडे आत घ्यावे लागतात, हे इथल्या कुठल्याही घराला ठाऊक आहे. तेच कण पॅनेलवर बसतात आणि थंडीतलं दव त्यांना चिकटवून टाकतं. डिसेंबरात एकदा दहा दिवस दुर्लक्ष केलं. दिवसाला १५.८ युनिटं येत होती, वायपर मारल्यावर दुसऱ्या दिवशी १८.१. ऊन तेच. आता हंगामात दर रविवारी उजाडताना, काच थंड असताना धुतो. बोअरच्या पाण्याने धुऊ नका, क्षारांचे पांढरे डाग पडतात आणि ते काजळीपेक्षा चिवट निघतात.

तीन, पाण्याची टाकी. पॅनेल ऑगस्टमध्ये बसवले तेव्हा सावली कुठेच नव्हती. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलला आणि साडेतीनपासून टाकीची सावली कोपऱ्यातल्या एका पॅनेलवर यायला लागली. एकाच ओळीत जोडलेले असल्यामुळे एकावर सावली पडली की बाकीचेही खाली येतात. टाकी सरकवायला साडेचार हजार गेले. एजन्सीचा माणूस म्हणाला, "तेव्हा नव्हती की सावली!" बरोबर आहे, तेव्हा ऑगस्ट होता.

अर्थिंग हा विषय कुणी बोलत नाही, म्हणून जरा थांबतो. एप्रिलमध्ये एका रात्री चार्जरवर लाल दिवा. प्लग काढला, लावला, दुसऱ्या सॉकेटवर लावला, तेच. सकाळी इलेक्ट्रिशियनला फोन केला तर तो न येताच म्हणाला, "सर, अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता की, वाळला असंल." ओतलं. अर्ध्या तासात हिरवा दिवा. उन्हाळ्यात आता झाडांना पाणी घालताना त्याच्याही वाटणीचं घालतो. सासुरवाडीला गेलो तेव्हा मात्र घरात अर्थिंगच नव्हतं. गाडीने वीज घ्यायला साफ नकार दिला आणि परतीला मिरजेपर्यंत एसी बंद ठेवून आलो. ऐन उन्हाळ्यात. मेव्हणा अजून हसतो.

सॉकेट कुठे लावायचं याचाही त्याच इलेक्ट्रिशियनने आग्रह धरला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्या गल्लीत कमरेइतकं पाणी होतं. त्याने सॉकेट छातीच्याही वर लावलं आणि इन्व्हर्टर जिन्याच्या वरच्या टप्प्यावर. दिसायला विचित्र आहे, पण मी काही बोललो नाही.

आणि हो, लाइट गेली की सोलरही बंद. भर दुपारी, कडक उन्हात. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ग्रिड नसताना इन्व्हर्टर स्वतःला बंद करून घेतो. शेजारी विचारतात, "तुमच्याकडे सोलर असून अंधार कसा?" जुलैत वादळाने तारा पडल्या आणि चौदा तास वीज नव्हती. गाडीत २२ टक्के. बायको त्या दिवशी एसटीने गेली आणि संध्याकाळी काय बोलली ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून पावसाळ्यात ४० च्या खाली गाडी जाऊ देत नाही. साठवणीची बॅटरी घ्यावी का, म्हणून भाव काढला होता. आकडा ऐकून विषय संपवला. दिवसाला दोन-तीन तास जाणाऱ्या विजेसाठी घरचा छोटा इन्व्हर्टर पुरतो, आणि गाडी काय, थांबू शकते.

पुण्याचं थोडक्यात. एसी लावून गाडी १८५ किलोमीटर जाते, हायवेला नव्वदच्या वर पळवली तर त्याहूनही कमी. पुणे २३५. म्हणजे वाटेत एकदा थांबणं आलंच, आणि पुढे खंबाटकी घाट असल्यामुळे साताऱ्याच्या आसपासच थांबावं लागतं. बाहेर जीएसटी धरून युनिटला वीस-बावीस रुपये पडतात, किलोमीटरला तीनच्या आसपास. एकदा दोनपैकी एक चार्जर बंद, दुसऱ्यावर कॅब, पुढे अजून एक जण रांगेत. घरून सातला निघून कोथरूडला दीडला पोहोचलो. चार माणसं असतील तर आम्ही अजूनही बसच बघतो.

कोथरूडचा भाऊ हे सगळं ऐकून खूश झाला होता. पण त्याचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, गच्ची सोसायटीची, पार्किंगमध्ये सॉकेट ओढायला समितीची परवानगी. त्याला मी म्हटलं, रोजचं फिरणं असेल तर गाडी घे, सोलर विसर. आणि शेजारच्या काकांचं फिरणं महिन्याला तीनशे किलोमीटर. त्यांना उलटं सांगितलं. काका, पॅनेल लावा, गाडी आहे तीच ठेवा. दोघांनाही ते फारसं आवडलं नाही.

सध्या खात्यात २८० युनिटं शिल्लक दिसतायत आणि फेब्रुवारी-मार्च अजून जायचेत. ३१ मार्चला ती तीन रुपयांनी जाणार, म्हणून बायकोने जाहीर केलंय की दर शनिवारी नरसोबाच्या वाडीला जायचं. उरलेल्या पोळ्या संपवायच्या म्हणून भूक नसताना जेवणाऱ्यांतले आम्ही. येताना खवा आणायचा, त्याचे पैसे मात्र वहीत लिहायचे नाहीत असं ठरलंय.