मधुमेहाच्या औषधामुळे कर्करोग झाल्याचा संशय: अमेरिकेत दाद मागण्याचे मार्ग

अ‍ॅक्टोस या नावाने विकले जाणारे पायोग्लिटाझोन हे औषध वर्षभराहून अधिक काळ घेतल्यास मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०११ मध्ये दिला आणि त्यानंतर टाकेडा या उत्पादक कंपनीवर हजारो दावे दाखल झाले. त्या दाव्यांची मोठी तडजोड २०१५ मध्ये होऊन गेली. तरीही या किंवा अशाच दुसऱ्या औषधाबाबत निर्णय घेणाऱ्या रुग्णापुढे आजही तेच पर्याय असतात, म्हणून ते शेजारीशेजारी ठेवून पाहणे उपयोगाचे आहे.

कोणताही पर्याय निवडण्यापूर्वी औषधाच्या जुन्या बाटलीवरचे लेबल पाहावे. त्यावर रुग्णाचे नाव आणि मात्रा यांच्याखाली बारीक अक्षरांत उत्पादकाचे नाव असते, आणि अनेकदा त्या एका ओळीवरच दाव्याचे भवितव्य ठरते. पायोग्लिटाझोनची जेनेरिक गोळी, म्हणजे त्याच औषधाची दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेली प्रत, अमेरिकेत २०१२ मध्ये आली. जेनेरिक कंपनीला मूळ औषधाचेच लेबल जसेच्या तसे वापरावे लागते, म्हणून पुरेसा इशारा दिला नाही असा दावा राज्याच्या कायद्याखाली तिच्यावर चालत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला. औषधाच्या रचनेतील दोषाचा मार्गही २०१३ च्या निकालाने जवळजवळ बंद केला. मूळ कंपनीवर मात्र दावा करता येतो, हे त्याच न्यायालयाने २००९ मध्ये मान्य केले होते. एकच रोग आणि एकच रासायनिक घटक असूनही केवळ उत्पादकाच्या नावावरून रुग्णाचा हक्क बदलावा, हे मला अन्यायाचे वाटते. पण निर्णय घेणाऱ्याने ते गृहीत धरूनच पुढे जावे.

मूळ कंपनीची गोळी घेतली असेल, तर बहुतेक जण सामूहिक दाव्याची चौकशी करतात. त्यात एक प्रतिनिधी सर्वांच्या वतीने लढतो. शारीरिक इजेच्या प्रकरणांत मात्र हा मार्ग सहसा मिळत नाही, कारण प्रत्येकाची मात्रा, औषध घेतल्याची वर्षे आणि धूम्रपानाची सवय वेगळी असते. प्रत्यक्षात मिळते ती एकत्रित सुनावणी. त्यात प्रत्येकाचा दावा स्वतंत्रच राहतो. फक्त कंपनीची कागदपत्रे मिळवणे, साक्षी नोंदवणे आणि तज्ज्ञांवरील वाद ही कामे एकाच न्यायाधीशापुढे होतात, आणि जे दावे मिटत नाहीत ते खटल्यासाठी मूळ न्यायालयात परत जातात. अ‍ॅक्टोसचे संघीय न्यायालयांतील दावे डिसेंबर २०११ पासून लुइझियाना राज्यातील न्यायालयात असे एकत्र झाले. खर्च वाटला जातो हा त्याचा मोठा फायदा. वेग आपल्या हातात राहत नाही हा तोटा.

राज्य न्यायालयात एकट्याने लढल्यास सुनावणी लवकर लागू शकते, पण जोखीम सगळी आपली. लॉस एंजेलिसमध्ये २०१३ मध्ये ज्युरीने ६५ लाख डॉलर मंजूर केले, न्यायाधीशांनी वैद्यकीय तज्ज्ञाची साक्ष ग्राह्य न धरता तो निकाल रद्द केला आणि अपिलात तो २०१५ मध्ये पुन्हा कायम झाला. कर्करोगाच्या रुग्णासाठी ही दोन वर्षे फार मोठी असतात. लुइझियानात २०१४ मध्ये ठोठावलेली ९०० कोटी डॉलरची दंडात्मक नुकसानभरपाईही न्यायाधीशांनी सुमारे ३.७ कोटींवर आणले, त्यामुळे मथळ्यातील आकड्यावर भिस्त ठेवू नये.

तडजोडीत रक्कम कमी, पण बऱ्यापैकी निश्चित. टाकेडाने ९५ टक्के दावेदार सहभागी झाल्यास २३७ कोटी आणि ९७ टक्के झाल्यास २४० कोटी डॉलर देऊ केले; दावे सुमारे ९ हजार होते, म्हणजे शुल्क वजा होण्यापूर्वी सरासरी अडीच लाखांहून थोडे अधिक. अशा अटीमुळे सर्वच अशिलांनी होकार द्यावा असा दबाव वकिलावर येतो, म्हणून सल्ला आपल्या प्रकरणाचा आहे की सर्वांच्या सोयीचा, हे स्पष्ट विचारावे. शिवाय २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या अभ्यासात धोक्याची लक्षणीय वाढ आढळली नाही, तर अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये इशारा कायम ठेवला; पुरावा असा दुतर्फा असताना वाजवी तडजोड नाकारण्याचा सल्ला मी सहसा देणार नाही.

मूत्राशयाचा कर्करोग सुरू असताना हे औषध देऊ नये, असे लेबलावर असूनही ते दिले गेले असेल, तर डॉक्टरांवरील निष्काळजीपणाचा दावा हा वेगळा मार्ग आहे, आणि जेनेरिक घेणाऱ्यासाठी बहुधा तोच उरतो. त्याचे नियम आणि मुदती वेगळ्या असतात. कंपनीवरील दाव्याची मुदतही राज्यागणिक बदलते: टेनेसीत एक, कॅलिफोर्नियात दोन, न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षे. कर्करोगाचे कारण रुग्णाला केव्हा कळले किंवा कळायला हवे होते, यावरही अनेकदा वाद होतो, म्हणून निदानाचा अहवाल आणि औषधविक्रेत्याकडील नोंदी लगेच मागवाव्यात.

वकिलाचे शुल्क बहुधा मिळालेल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्यापासून ४० टक्क्यांपर्यंत असते. १ लाख डॉलर मिळाले आणि खर्च १० हजार झाला, तर खर्च आधी वजा केल्यास ४० टक्क्यांनी रुग्णाच्या हाती ५४ हजार येतात, नंतर वजा केल्यास ५० हजार. मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने उपचारांसाठी दिलेले पैसेही त्यातूनच परत करावे लागतात, त्यामुळे कोणत्या क्रमाने काय वजा होणार हे करारावर सही करण्यापूर्वी लेखी घ्यावे.