परवाना खरा, दुकान खोटं

अमेरिकेत हातबंदूक ऑनलाइन घेताना फसणं तसं अवघड आहे. पैसे घरबसल्या भरले तरी ती घरी येत नाही. ती तुमच्या राज्यातल्या परवानाधारक विक्रेत्याकडे जाते. तिथे तुम्ही फॉर्म ४४७३ हा खरेदीदाराचा सरकारी फॉर्म भरता, विक्रेता तुमची पार्श्वभूमी तपासून घेतो आणि मगच वस्तू तुमच्या हातात पडते. व्यवहारात एक तिसरा, डोळे उघडे असलेला माणूस असतो. त्याच बंदुकीला लागणाऱ्या सामानाचं मात्र तसं नाही. साइट (म्हणजे बंदुकीवरचं नेम धरायचं साधन), मूठ, स्प्रिंगा, काडतुसं भरायचा लोडर यांना ना फॉर्म ना तपासणी. चपलांच्या जोडासारखं खोक्यातून दारात येतं. मला गंडवलं ते या सामानात. आणि गंडवणाऱ्यानं माझा विश्वास मिळवला तो बंदुकीच्या परवान्याच्याच जोरावर.

माझ्याकडे स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ६१७ रिव्हॉल्व्हर आहे. स्टेनलेस स्टील, सहा इंची नळी, सिलिंडरला काडतुसांची दहा घरं, वजन सव्वा किलोच्या आसपास. काडतूस .२२ लाँग रायफल, म्हणजे १८८७ सालापासून चालत आलेलं. रिमफायर (पेटणारा मसाला कडेत असलेल्या काडतुसाचं) रिव्हॉल्व्हर त्याहूनही जुनं, याच कंपनीनं .२२ शॉर्टचं आपलं पहिलं रिव्हॉल्व्हर १८५७ मध्ये काढलं होतं. धक्का नावापुरता, आवाज बेताचा, काडतुसं स्वस्त. दुपारभर मारलं तरी मनगट कुरकुरत नाही, आणि धक्क्याच्या भीतीनं डोळे मिटत नसल्यामुळे चाप ओढताना आपलं नेमकं काय बिघडतंय ते कागदावर उमटतं. .२२ ला पोरखेळ म्हणणारे भेटतातच. कोल्हापूरच्या राही सरनोबतचं २०१८ च्या एशियाडमधलं सुवर्ण आणि स्वप्नील कुसाळेचं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधलं कांस्य, दोन्ही .२२ वरच आलेली आहेत, एवढं त्यांना सांगतो.

चाळिशी लागली आणि पुढची माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा) व लांबचं निशाण एकदम स्वच्छ दिसेनासं झालं. माशीवर नजर ठेवावी तर काळं वर्तुळ धूसर, वर्तुळ बघावं तर माशीचा पत्ता नाही. यावर सरळ उपाय म्हणजे रेड डॉट साइट. काचेत लाल ठिपका दिसतो, तो निशाणावर ठेवायचा आणि चाप ओढायचा. ६१७ ची मागची साइट काढली की तिच्याखाली माउंट, म्हणजे नवी साइट धरून ठेवणारी बैठक, बसवायला भोकं कंपनीनंच पाडून ठेवलेली असतात, त्यामुळे कानस-ड्रिलची भानगड नाही. रेड डॉट घ्यायचाच तर सोबत माउंट, अक्रोडाच्या लाकडाची जरा भरदार मूठ आणि चाप हलका करणारा स्प्रिंगांचा संच, अशी यादी झाली. यादी वाढते. हा छंद असणाऱ्यांच्या बायकांना हे मुद्दाम सांगायला नको.

हे सगळं एकाच दुकानात मिळालं. भाव संशय यावा इतके पडलेले नव्हते. बाजारात तीनशे डॉलरला असणारी साइट दोनशे साठला होती, मूठ आणि स्प्रिंगा तर जवळपास बाजारभावानंच. नामांकित कंपनीचं नाव, खोक्याचे फोटो, दुकानाचा टेक्ससमधल्या छोट्या गावातला पत्ता. खाली ठळक अक्षरांत बंदूकविक्रीचा केंद्रीय परवाना, म्हणजे एफएफएल, त्याचा क्रमांक. मी तो तपासला. हे परवाने देणाऱ्या एटीएफ या सरकारी खात्याची ‘एफएफएल ईझी चेक’ नावाची सोय आहे. क्रमांकातले पहिले तीन आणि शेवटचे पाच अंक टाकले की परवाना चालू आहे का, कुणाच्या नावावर आहे, कुठल्या पत्त्यावर आहे, ते कळतं. परवाना चालू होता. नाव जुळलं, पत्ता जुळला. नकाशात त्या पत्त्यावर खरोखर बंदुकांचं दुकान दिसलं, पाटीसकट.

पैसे कार्डानं नकोत, बँकेतून थेट पाठवा म्हणजे तीन टक्के सूट, असं त्यांनी कळवलं. कारणही दिलं: कार्डवाले आणि पेमेंट कंपन्या आमच्या धंद्याला त्रास देतात. या थापेची खुबी अशी की ती अर्धी खरी आहे. काही मोठ्या ऑनलाइन पेमेंट कंपन्या बंदुकीचे व्यवहार खरोखरच घेत नाहीत, आणि या छंदातल्या प्रत्येकानं कुठल्या ना कुठल्या सरळमार्गी दुकानदाराच्या तोंडून ही तक्रार ऐकलेली असते. पण साइट आणि मूठ म्हणजे बंदूक नव्हे. त्यांच्यासाठी कार्ड नाकारण्याचं काहीच कारण नसतं.

सामान आलं, आणि तेही वेळेवर. पैसे घेऊन पसार होणारी टोळी असती तर त्याच आठवड्यात कळलं असतं. इथे खोकं हातात आल्यामुळे संशयाला जागाच राहिली नाही. मूठ अक्रोडाची नव्हती, रंग दिलेलं कसलंसं लाकूड होतं, पण हाताला बरी लागली म्हणून ठेवून घेतली.

रेंजवर पंचवीस यार्डांवर वाळूच्या पिशवीवर हात टेकून मारायला बसलो. पहिला गट, म्हणजे एकाच जागी नेम धरून मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, झकास. दुसरा तीन इंच डावीकडे. तिसरा खाली. त्यातच दहातली दोन-तीन काडतुसं उडेचनात. रिमफायरमध्ये पेटणारा मसाला काडतुसाच्या कडेत असतो; घोड्याच्या फटक्यानं ती कड नीट चेपली तरच बार होतो. फटका हलका पडला की नुसती खूण उमटते. (बार झाला नाही तर नळी निशाणाकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबायचं. उशिरानं पेटणारं काडतूस क्वचितच भेटतं, पण भेटतं.) घोड्याला जोर देणारी मूळ मेनस्प्रिंग परत घातली आणि काडतुसं निमूट उडू लागली. म्हणजे ‘खास रिमफायरसाठी जुळवलेल्या’ स्प्रिंगा निव्वळ कमजोर होत्या. ते कळायला सोपं होतं. साइटचं कळायला फार वेळ गेला, कारण नेम भरकटला की माणूस सगळ्यात शेवटी यंत्रावर शंका घेतो.

काडतुसं बदलून पाहिली. पुंगळ्या चिकटायला लागतील इतकी घरं घाण झाली असतील म्हणून ब्रश मारून साफ केली. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादं घर वाकडं मारतं, म्हणून सिलिंडरच्या दहाही घरांना मार्करनं आकडे घातले आणि प्रत्येक घराचा वेगळा कागद मारला. माउंटचे स्क्रू काढून, तेल पुसून, पुन्हा कसले. सगळं ठीक. गट तरीही हिंडतोच आहे.

रेंजवर एक निवृत्त गृहस्थ येतात, जन्म नेमबाजीत गेलेले. त्यांनी चौकोन मारायला सांगितला. म्हणजे असं: एक गट मारा, साइटचा स्क्रू फिरवून ती ठरावीक क्लिक (एकेक टक् म्हणजे एक क्लिक) उजवीकडे न्या, गट मारा, तितकेच क्लिक खाली, गट, डावीकडे, गट, वर, गट. शेवटचा गट पहिल्यावर येऊन बसायला हवा आणि मध्ये कागदावर चौकोन दिसायला हवा. माझ्या कागदावर चौकोन सोडाच, कसलीही आकृती नव्हती. उजवीकडचे क्लिक वाजले पण गट हलला नाही. खालचे दिले तेव्हा आधीचे उजवीकडचेही त्यात मिळून एकदम तिरकी उडी. मग साइट उतरवून मूळची लोखंडी साइट लावली आणि त्यांनीच दहा मारले. रुपयाएवढा गट. रिव्हॉल्व्हर निर्दोष, काडतुसं निर्दोष.

साइटवरच्या अनुक्रमांकाचा फोटो मी त्या नामांकित कंपनीला पाठवला. उत्तर सभ्य होतं: हा क्रमांक आमच्या या मॉडेलचा नाही, खोक्यावरची छपाई आमची नाही, त्यामुळे आमची हमी लागू नाही. थोडक्यात, नक्कल.

मग त्या दुकानाला फोन केला, पण त्यांनी दिलेल्या क्रमांकावर नाही. गावातल्या दुकानाचा म्हणून दुसरीकडे मिळाला त्यावर. पलीकडे मालक स्वतः. मी नाव सांगायच्या आतच म्हणाले, ‘रेड डॉट का?’ त्यांनी आयुष्यात एकही साइट ऑनलाइन विकलेली नव्हती. रोज कुणाचा ना कुणाचा फोन येत होता, काही लोक शिव्या घालत होते, काहींनी न पाहिलेल्या दुकानाला एक तारा देऊन ठेवला होता. परवाना चोरला कसा, असं मी विचारलं तर ते कडवट हसले. चोरायला काय लागतं? दुसऱ्या राज्यातून बंदूक मागवायची तर पाठवणाऱ्या विक्रेत्याला घेणाऱ्याच्या परवान्याची प्रत द्यावी लागते. त्यांच्या प्रती वर्षानुवर्षं शेकडो ठिकाणी गेलेल्या आहेत. त्यातली कुठलीही एक.

मी जे तपासलं ते खरंच होतं, फक्त ते प्रश्नाचं उत्तर नव्हतं. ईझी चेक सांगतं की अमुक परवाना चालू आहे. समोरचा विक्रेता तोच परवानाधारक आहे, हे ते सांगत नाही आणि सांगूही शकत नाही. मुळात साइट, मूठ, स्प्रिंगा विकायला हा परवाना लागतच नाही. तेव्हा नुसतं सामान विकणारा जर परवाना क्रमांक ठळक मिरवत असेल, तर कशासाठी, हे त्याला विचारा. आणि दुकान खरोखर ज्याचं आहे त्याला दुसरीकडून मिळवलेल्या क्रमांकावर एक फोन करा. माझे चारशेच्या वर डॉलर त्या एका फोनमध्ये वाचले असते.

बँकेनं हात वर केले. पैसे तुम्ही स्वतः, स्वतःच्या हातानं पाठवलेत, तेव्हा ही अनधिकृत उचल नव्हे. क्रेडिट कार्ड असतं तर गोष्ट वेगळी होती. तिथे बिलाबद्दल लेखी हरकत घ्यायला बिल पाठवलं गेल्यापासून ६० दिवस मिळतात आणि भांडण कार्ड कंपनी चालवते. तक्रार मी एफटीसी या ग्राहकांच्या फसवणुकीकडे बघणाऱ्या केंद्रीय खात्याकडे आणि एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे केंद्राकडे, दोन्हीकडे नोंदवली आहे. पैसे परत येतील म्हणून नाही. एकाच नमुन्याच्या तक्रारी साठल्या तर कुणीतरी बघेल म्हणून. साइट आली की माउंटवर चढवायच्या आधी अनुक्रमांक कंपनीला विचारून घ्या, आणि परतीची मुदत संपायच्या आत चौकोन मारा.

विषय निघालाच आहे तर इथल्या मराठी मंडळींसाठी आणखी एक. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्यानुसार बंदूक आणि काडतुसंही बाळगायला सर्वसाधारणपणे बंदी आहे. शिकारीच्या परवान्यासारखे काही मोजके अपवाद आहेत. मित्राचं रिव्हॉल्व्हर रेंजवर हातात घेण्याआधीसुद्धा वकिलाला विचारा. सामान विकणारा कुणीही हे तुम्हाला सांगणार नाही.

टेक्ससमधल्या त्या मालकांचा मागच्या आठवड्यात निरोप आला. तेच दुकान नव्या नावानं उघडलंय. साइटचे फोटो तेच, अक्रोडाच्या मुठीचा फोटो तोच, तीन टक्क्यांची सूटही तीच. परवाना क्रमांक मात्र आता ओक्लाहोमातल्या कुणाचा तरी आहे, आणि त्या माणसाला फोन यायला अजून सुरुवात झालेली नव्हती. मालकांनी स्वतःच त्याला फोन करून सांगितलं.