गाडी न्यायला कोणी आलंच नाही, पैसे मात्र गेले

जुनी गाडी विकायची म्हणून ऑनलाइन जाहिरात टाकली आणि लगेच एकाचा मेसेज आला. गाडी पसंत, किंमत मान्य. कामासाठी बाहेर असल्याने बघायला जमणार नाही, पैसे चेकने पाठवतो, गाडी वाहतूकवाला उचलेल.

चेक आला तो ठरलेल्या किमतीहून मोठ्या रकमेचा. वरचे पैसे वाहतूकवाल्याचे, ते त्याच्या खात्यावर टाका म्हणाला. आमच्या खात्यावर रक्कम जमा दिसत होती, म्हणून पाठवले. पुढे चेक बनावट निघाला आणि बँकेने सगळी रक्कम परत वळती करून घेतली. वाहतूकवाल्याला गेलेले पैसे आमच्या पदरचे होते. गाडी दारातच उभी राहिली, कारण त्या माणसाला ती नकोच होती.

चेक भरला की कित्येकदा तो वटण्याआधीच रक्कम खात्यावर दिसू लागते, आणि खोटा चेक उघडकीला यायला बरेच दिवस जाऊ शकतात. तेवढ्यासाठीच समोरचा सारखी घाई करतो. बँकेने काढलेला चेक असला तरी निर्धास्त राहू नका, तोही बनावट असू शकतो. ज्या बँकेचा आहे तिथे फोन करून विचारा. नंबर मात्र स्वतः शोधलेला हवा, चेकवर छापलेला नको. आणि जास्तीचे पैसे परत मागणाऱ्याशी व्यवहारच करू नका.

मला अजून खटकतं ते हे, की त्याने गाडीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. खरं गिऱ्हाईक बोनेट उघडतं, टायर बघतं, कुठे ठोकली होती का विचारतं आणि घासाघीस केल्याशिवाय राहत नाही.

दुसरेही प्रकार चालतात. पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट येतो. "अमुक साइटवरूनच गाडीचा रिपोर्ट काढा" म्हणत लिंक येते, ती कार्डाचा नंबर काढून घेण्यासाठी. "तुम्ही खरे आहात ना, बघतो" म्हणून ओटीपी मागतात. तो कुणालाही सांगू नका.

पैसे आल्याची खात्री बँकेकडून झाल्याशिवाय चावी आणि सही केलेले कागद हातातून सोडू नका. फसवणूक झालीच असेल तर आधी बँकेला कळवा, मग पोलिसांत तक्रार करा. त्याचे मेसेज रागाच्या भरात डिलीट करू नका, तक्रारीला तेच लागतात.