जी-फोर्स मोजणारं अ‍ॅप: दीड महिना वापरल्यावर

फोनमधल्या अ‍ॅक्सिलरोमीटरवरून (त्वरण मोजणारा छोटा सेन्सर) त्वरण दाखवणारी अ‍ॅप्स ढिगाने आहेत, सगळी आतून साधारण सारखीच, त्यातलं एक दीड महिना वापरतोय. मजा येते, पण ज्याने बनवलंय त्याने एक गोष्ट पार विसरलीये, ती सांगतोच पुढे.

आधी टेबलावर नुसता ठेवला फोन. आकडा १.०२. नवीन माणसाला वाटणार बिघडलंय, फोन तर हलतच नाहीये! बिघडलेलं नाही. चिपमध्ये केसापेक्षा बारीक स्प्रिंगांवर सिलिकॉनचा एक कण लटकवलेला असतो, तो किती सरकला ते सेन्सर मोजतो, आणि टेबल फोनला खालून वर ढकलतंय म्हणून १ जी, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाएवढं त्वरण, ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, दिसतोच. वरचे ०.०२ कॅलिब्रेशनचे, म्हणजे सेन्सर नीट जुळवलेला नसल्याचे, ते जुळवायचं बटण तीन मेनूंच्या आत लपवलंय.

मग लिफ्ट. वर निघताना १.१, मधे सपाट १, थांबताना ०.९. बस्स, एवढंच, आणि पोटात मात्र गोळा येतो. आपलं पोट सेन्सरपेक्षा भारी आहे राव.

गाडीत खरा घोळ झाला. १० सेकंदात शंभरचा वेग गाठणारी गाडी म्हणजे साधारण ०.२८ जी, पण अ‍ॅप दाखवतं १.०४, मित्र म्हणाला एवढ्याच साठी सीट धरून बसलो होतो का. कारण अ‍ॅप गुरुत्वाकर्षण धरून एकूण आकडा दाखवतं आणि दोन्ही काटकोनात असल्यामुळे सरळ बेरीज होत नाही, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यावं लागतं. करकचून ब्रेक दाबला, म्हणजे ०.८ जी, तरी स्क्रीनवर १.२८. गुरुत्वाकर्षण वजा करायची सेटिंग आहे, ती आधीपासून चालू का नाही ठेवली देव जाणे.

सगळ्यात आवडलं ते झोक्यावर. फोन खिशात ठेवून दोरी साधारण ६० अंशापर्यंत नेली की खाली येताना आकडा २ च्या जवळ जातो, आणि थेट ९० अंशापर्यंत नेली असती तर हिशोबाने ३ आला असता, जेवढ्यावर स्पेस शटल उड्डाणात मर्यादा ठेवायचे! (प्रयत्न केला नाही, वय झालं.)

आता तक्रार. अ‍ॅप मोठ्या लाल अक्षरात फक्त 'कमाल' आकडा दाखवतं, तो किती वेळ टिकला याचा पत्ताच नाही. फोन फरशीवर पडला तेव्हा ८, मुद्दाम गादीवर टाकला तेव्हाही ८ च्या आसपास. माझ्या फोनचा सेन्सर ८ लाच संपतो म्हणून. एक मीटरवरून पडून १ मिलीमीटरमध्ये थांबला तर सरासरी १००० जी बसतात, गादीत १० सेंटीमीटर रुतला तर १०, कुठे हे आणि कुठे ते. आणि वेळ नसेल तर आकड्याला अर्थच नाही ना. फायटर पायलट ९ जी काही सेकंद सोसतो तेही जी-सूट (पाय आणि पोट दाबून धरणारा पोशाख) घालून आणि पोटऱ्या आवळून, नाहीतर डोक्यातलं रक्त खाली उतरून शुद्ध जाते. उलट १९५४ साली जॉन स्टॅप नावाचा अमेरिकन हवाई दलाचा डॉक्टर रुळांवरून धावणाऱ्या रॉकेटच्या स्लेजवर (घसरगाडीवर) बसून ताशी हजार किलोमीटरवरून दीडेक सेकंदात थांबला, ४६ जी पर्यंत गेला, डोळ्यांत रक्त उतरलं पण माणूस जगला.

वॉशिंग मशीनवर ठेवून बघितला तर नुसती थरथर, १.३-१.४. आतला ड्रम मिनिटाला १२०० फेरे मारत असेल आणि त्रिज्या २५ सेंटीमीटर धरली तर कपड्यांना जवळपास ४०० जी बसतात, म्हणून तर पाणी निघून जातं. पण ते मोजायला फोन ड्रममध्ये टाकावा लागेल, तेव्हा राहू द्या.

बॅटरी बरीच खातं, आणि जाहिराती नेमक्या ग्राफवर येतात. ५ पैकी ३ स्टार. गुरुत्वाकर्षण आपोआप वजा केलं आणि कमाल आकड्याशेजारी मिलीसेकंद दाखवले तर चौथा लगेच देतो.