चार खाड्या, चार जंगलजेट्ट्या : मुरूड ते रत्नागिरी किनारी प्रवासाचे परीक्षण

मुरूडहून रत्नागिरीला समुद्राच्या कडेकडेने जायचे म्हटले, तर वाटेत चार मोठ्या खाड्या आडव्या येतात आणि चारही ठिकाणी आज मोटारीसकट पलीकडे नेणारी बोट आहे. राजपुरीच्या खाडीत आगरदांडा–दिघी, सावित्रीवर बागमांडला–वेसवी, वाशिष्ठीवर दाभोळ–धोपावे आणि शास्त्री नदीच्या मुखाशी तवसाळ–जयगड. कोकणात या बोटींना सर्रास जंगलजेट्टी म्हणतात. त्यांच्याविषयी इंटरनेटवर जे लिहिलेले सापडते, ते बहुतेक सुटीला गाडी घेऊन आलेल्यांचे असते : गार वारा, सुंदर सूर्यास्त, थोड्या वेळात पैलतीर आणि पाचपैकी पाच तारे. त्यात खोटे काही नाही. पण ज्याचे घर एका काठाला आणि नोकरी, दवाखाना किंवा सासर दुसऱ्या काठाला आहे, त्याने या सेवेला किती गुण द्यावेत हा प्रश्न वेगळा आहे. हे परीक्षण त्या बाजूने लिहिले आहे.

बोटीचे श्रेय आधी बोटीला द्यायला हवे. दाभोळ–धोपावे मार्गावर ही सेवा 2003 पासून सुरू आहे. त्यापूर्वी दाभोळच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर अंजनवेलचा वीजप्रकल्प स्पष्ट दिसे, पण गाडीने तिथे पोहोचायला दापोली, खेड, चिपळूण आणि मग पुन्हा समुद्राकडे गुहागर, असा शंभर किलोमीटरहून मोठा वळसा घालावा लागे. आता तेच अंतर चहा गार व्हायच्या आत पार होते. एकेकाळी मुंबईहून येणाऱ्या आगबोटी ज्या बंदरांना लागत, त्यांपैकी दाभोळ आणि जयगड ही गावे आगबोटी बंद पडल्यावर अक्षरशः रस्त्याच्या शेवटाला जाऊन बसली होती. जंगलजेट्टीने त्यांना पुन्हा मधल्या वाटेवर आणले, हे तिचे खरे काम, आणि ते कमी लेखण्याजोगे नाही.

बोटीवरची माणसेही आपल्या कामात तरबेज असतात. बोटीचा लोखंडी फळका खाली पडून धक्क्याच्या उतारावर टेकतो, त्यावरून पाणी निथळत असतानाच खलाशी हात वर करून पहिली गाडी बोलावतो आणि “उजवी मार, अजून, अजून… आता सरळ… बस” एवढ्या शब्दांत शहरातल्या घाबरलेल्या चालकालाही दोन गाड्यांच्या मध्ये वीतभर जागा सोडून बसवतो. उरलेल्या फटींत दुचाक्या, दुचाक्यांच्या आडोशाला मासळीच्या टोपल्या आणि टोपल्यांच्या बाजूला शाळेची पोरे, असा संसार जमतो. इतक्या दाटीत गाडीला ओरखडा न पडणे हे कसबाचे काम आहे.

अडचण सुरू होते ती भरती-ओहोटीपासून. धक्क्याचा उतार बांधलेला, म्हणून पक्का असतो; पाणी मात्र सारखे वरखाली होत राहते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत फरक थोडा असतो, त्यामुळे काही जाणवत नाही; पण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटीचे पाणी इतके खाली जाते की फळका तीव्र कोनात लागतो आणि बुटक्या गाडीचे नाक किंवा पोट घासते. जिथे गाळ साचला आहे तिथे बोटीला पाणी चढेपर्यंत थांबावे लागते. हा निसर्गाचा भाग झाला, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी की भरती-ओहोटीच्या वेळा वर्षभर आधी छापून मिळत असताना, “आज दुपारी अमुक वेळेत बोटीला उशीर होईल” एवढे धक्क्यावरच्या फळ्यावर खडूने लिहायलाही कोणी सापडत नाही.

यांपैकी एका धक्क्यावरचा अनुभव सांगतो; नाव मुद्दाम देत नाही. वेळापत्रकाप्रमाणे शेवटच्या बोटीला बराच अवकाश होता, पण तिकिटाची खिडकी बंद होती आणि बोट पलीकडच्या काठाला दिवे मालवून उभी होती. शेजारच्या टपरीवाल्याने माहिती दिली : “लवकरच बंद केलानी आज. मशीनचं कायतरी झालंय.” माझ्याकडे गाडी होती, त्यामुळे वळसा घालून रात्री उशिरा का होईना घरी पोहोचता आले. पण तिथे ओल्या गोणपाटात आंब्याची कलमे गुंडाळून उभे असलेले एक वयस्कर शेतकरी होते आणि परीक्षा देऊन परतणाऱ्या दोन कॉलेजच्या मुली होत्या. पलीकडे त्यांच्या वाडीतला दिवा इथून दिसत होता. मुलींनी गावात कोणाकडे तरी मुक्काम केला. शेतकरीकाका, कोणाची छोटी होडी मिळते का ते बघायला, किनाऱ्याने चालत गेले. यंत्र बिघडते, ते कोणाचेही बिघडेल. ते बिघडल्याचे तालुक्याच्या नाक्यावर कळले असते, तर ही माणसे खाली धक्क्यापर्यंत आलीच नसती.

आणि बोट वेळेवर मिळाली तरी पायी प्रवाशाचा प्रवास धक्क्यावर संपत नाही. नकाशा पाहिला तर लक्षात येते की या चारही खाड्या तालुक्यांच्या हद्दी आहेत : एका काठाला मुरूड तर दुसऱ्याला श्रीवर्धन, पुढे श्रीवर्धन आणि मंडणगड (तिथे तर जिल्हाही बदलतो, रायगडचा रत्नागिरी होतो), मग दापोली आणि गुहागर, शेवटी गुहागर आणि रत्नागिरी. एस.टी.चे वेळापत्रक आगारनिहाय आखले जाते. त्यामुळे अलीकडच्या आगाराची गाडी धक्क्यावर माणूस सोडून मागे फिरते आणि पलीकडच्या आगाराला त्या माणसाची खबर असण्याचे कारणच नसते. बोटीच्या वेळेशी बांधलेली एस.टी. आणि एस.टी.च्या वेळेशी बांधलेली बोट या दोन्ही गोष्टी कागदावर सोप्या आहेत. पण तो कागद दोन कार्यालयांच्या मध्ये असलेल्या खाडीत पडतो. माझ्या मते या सेवेतला सर्वांत मोठा दोष हाच आहे, आणि तो बोट चालवणाऱ्यांचा नाही.

“मग रस्त्याने जा” असे सांगणाऱ्यांनी आतला रस्ताही पाहावा. मुंबई–गोवा महामार्गाचे चौपदरीकरण 2011 साली सुरू झाले आणि ते किती लांबले हे गणपतीला गावी जाणाऱ्या कोणालाही विचारावे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्रीचा जुना पूल वाहून गेला. जुलै 2021 च्या महापुरात चिपळूणला वाशिष्ठीच्या पुलाचा जोडरस्ता खचला. पुढच्या उन्हाळ्यात परशुराम घाट कामासाठी रोज काही तास बंद ठेवावा लागला. किनारी सागरी महामार्गाची कल्पना माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळापासूनची आहे, रेवस ते रेड्डी हे शब्द कोकणातल्या दोन पिढ्यांना पाठ आहेत, आणि तरी बाणकोटच्या खाडीत, म्हणजे सावित्रीच्या मुखाशी, अर्धवट पुलाचे खांब बोटीतून जाताना बाजूला दिसत राहतात. गंमत म्हणजे अंतुल्यांच्याच गावचा आंबेत–म्हाप्रळ पूल दुरुस्तीसाठी बंद झाला, तेव्हा पुलाऐवजी तिथेही जंगलजेट्टीच आणावी लागली. म्हणजे जिला आपण तात्पुरती सोय समजतो, तीच अडल्यावेळी पुलाची जागा घेते. तिला तात्पुरती म्हणून वागवणे आता तरी थांबायला हवे.

गुण द्यायचेच तर गाडीवाल्या पर्यटकाच्या बाजूने पाचपैकी चार आणि पायी जाणाऱ्या स्थानिकाच्या बाजूने दोन. रात्री रुग्ण घेऊन आलेल्याच्या बाजूने गुण देण्याचे धाडस मला होत नाही.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना. चारही खाड्या एकाच दिवसात पार करायचा हट्ट धरू नये. एक बोट चुकली की पुढचे सगळे गणित कोलमडते. मुक्काम दापोली किंवा गुहागरच्या परिसरात ठेवला तर दिवस हातात राहतो. निघण्यापूर्वी त्या दिवसाची ओहोटी कधी आहे ते पाहावे आणि बुटकी गाडी असेल तर त्या वेळा टाळाव्यात. फळक्यावर चढताना खलाशी तिरके यायला सांगत असेल तर त्याचे निमूटपणे ऐकावे, आणि बोटीत गाडी लावल्यावर हँडब्रेक ओढून गिअरमध्ये ठेवावी. पावसाळ्यात, विशेषतः वादळाचा इशारा असताना, फोनवर “चालू आहे” असे उत्तर मिळाले तरी तासाभराने पुन्हा विचारावे. गणपती, दिवाळी आणि मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी धक्क्यावर गाड्यांची रांग गावात शिरते. तेव्हा सकाळची पहिली बोट गाठणे उत्तम. रांगेत रुग्णवाहिका किंवा मासळीचा टेम्पो मागे असेल, तर आपली गाडी थोडी बाजूला घेऊन त्यांना पुढे जाऊ द्यावे.