पाडव्याला घर: नटवून विकलेलं की जसं आहे तसं?

मार्च लागला की पुण्यात कोथरूड-कर्वेनगरच्या एजंटांच्या आवाजाला धार येते. "साहेब, पाडव्याला टोकन देऊन टाका, एक एप्रिलला रेकनर वाढतोय." मुहूर्ताचं ज्याचं त्यानं बघावं, पण रेकनरच्या, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकार ठरवतं त्या दरांच्या, धाकानं घाई करण्यात फारसा अर्थ नाही. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला होता आणि १ एप्रिलपासून पुणे मनपा हद्दीत दर सरासरी ४.१६ टक्क्यांनी वाढले, पिंपरी-चिंचवडला ६.६९ टक्क्यांनी. त्याआधीची दोन वर्षं ते जागचे हलले नव्हते. मुद्रांक शुल्क रेकनर आणि करारातली किंमत यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागतं, आणि या भागातल्या रीसेलमध्ये करारातली किंमत बहुधा वरच असते. तेव्हा एजंटाला चहा पाजा आणि दोन्ही प्रकारचे फ्लॅट निवांत बघा.

दोन्ही प्रकार म्हणजे कोणते, हे या भागात फिरलेल्यांना सांगायला नको. पस्तीस-चाळीस वर्षांच्या सोसायटीतला टू बीएचके. एक मूळ मालकाचा: मोझॅकची फरशी, कडाप्प्याचा ओटा, सागवानी चौकटी, बाल्कनीला रंगाचे थरावर थर चढलेलं ग्रिल. दुसरा त्याच सोसायटीतला, पण मध्ये कुणा इन्व्हेस्टरनं घेऊन, दोन-तीन महिन्यांत पार बदलून पुन्हा बाजारात आणलेला: हॉलभर मोठ्या चकचकीत टाइल्स, फॉल्स सीलिंगमधून पिवळा उजेड, टीव्हीमागे लाकडी पट्ट्यांची भिंत, मॉड्युलर किचन. मी दोन्ही बघितले, दोन्हींवर घरात भांडणं झाली आणि शेवटी जसा आहे तसा घेतला. त्यामुळे माझा कल कुठं आहे ते उघड आहे. तेवढं वजा करून पुढचं वाचा.

नटवलेल्या फ्लॅटच्या बाजूनं आधी बोलतो, कारण ती बाजू दुबळी नाही. ऐंशीच्या दशकातल्या इमारतींत वायरिंग बऱ्याचदा ॲल्युमिनियमचं, पॉइंट मोजके आणि भिंतीतले जीआय, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी, पाइप आतून गंजलेले असतात. हे सगळं बदलायचं म्हणजे भिंती चिरणं, धूळ आणि आज येतो म्हणून परवा येणारा प्लंबर. इन्व्हेस्टरनं हे काम खरोखर केलं असेल तर तो तुमचा मोठा त्रास वाचवतो. शिवाय कर्जाचा मुद्दा आहेच. नूतनीकरणाचा खर्च किमतीत आला की गृहकर्जात बसतो. बँकेचा व्हॅल्युएशनवाला सजावटीला फार भाव देत नाही, पण काही प्रमाणात तरी बसतो. जुना घेतलात तर तोच खर्च खिशातून किंवा वेगळं कर्ज काढून करावा लागतो, आणि काम संपेपर्यंत भाडं आणि हप्ता दोन्ही चालू राहतात. आम्ही ते भोगलंय. मुलांची शाळा जूनमध्ये सुरू होणार असेल आणि सुट्टी काढून कामगारांच्या मागे उभं राहणं जमणार नसेल, तर हा एकच मुद्दा पारडं फिरवायला पुरेसा आहे.

किमतीचा फरक? आम्ही बघितलेल्या दोन फ्लॅटमध्ये पंधरा लाखांच्या आसपास होता. आमच्या कामाला त्याहून थोडं कमी लागलं, पण दरम्यानचं भाडं धरलं तर बचत झाली असं छातीठोकपणे सांगणार नाही.

मग घोडं अडलं कुठं? बाथरूममध्ये.

त्या नटवलेल्या फ्लॅटचं बाथरूम देखणं होतं. करड्या मॅट टाइल्स, काळे नळ, काचेचं पार्टिशन. आमच्या सौ.नी सवयीप्रमाणे बादली भरली आणि फरशीवर ओतली. पाणी क्षणभर थबकलं आणि नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, जायचं सोडून शांतपणे दाराकडे आलं. उंबऱ्यापाशी त्याचं छोटं तळं झालं. पुन्हा ओतून पाहिलं तरी तेच. एजंट हसून म्हणाला, "वायपर मारायचा ना साहेब. सगळीकडे मारतातच." उंबरा जेमतेम बोटभर उंच राहिला होता. म्हणजे जुनी फरशी न उखडता टाइलवर टाइल चढवली होती. त्यात उतार बिघडला आणि उंबऱ्याची उंचीही गेली.

आता रोज सकाळी वायपर मारणं ही काही जगबुडी नाही. पण मला आयुष्यभर तोच वायपर दिसायला लागला. घरातला प्रत्येक जण आंघोळ करून बाहेर येणार आणि प्रत्येकाच्या मागे पॅसेजमध्ये ओली पावलं. आणि खरी शंका त्याच्याही खाली होती. वरचा उतार ज्याला नीट काढता आला नाही, किंवा काढायचा नव्हता, त्यानं कोबा, म्हणजे फरशीखालचा पाणी अडवणारा थर, आणि वॉटरप्रूफिंग काय केलं असेल? हे विचारायचं कुणाला? एजंटाला माहीत नाही, इन्व्हेस्टर फोनवर "सगळं नवीन आहे" एवढंच म्हणतो, काम करणारा ठेकेदार आता दुसऱ्या साइटवर. मूळ मालकाच्या घरात हाच प्रश्न विचारला तेव्हा काकांनी आम्हाला संडासाच्या माळ्यावर चढवलं. वरच्या मजल्याचा पाइप स्लॅबखालून उघडाच गेलेला, त्याच्या सांध्यावर जुन्या गळतीचा डाग. "हा सांधा वरच्यांनी मागच्या दिवाळीआधी बदलून घेतला, तेव्हापासून कोरडा आहे. पण तुमचं तुम्ही बघून घ्या." डाग दिसत होता, म्हणून मला निर्धास्त वाटलं. नटवलेल्या फ्लॅटमध्ये तोच पाइप फॉल्स सीलिंगच्या वर होता आणि तिथं हात घालायला साधी झडपसुद्धा ठेवली नव्हती. वरच्यांचा सांधा गळाला तर आधी आपलं छत फोडायचं.

यात इन्व्हेस्टर लबाडच असतो असं नाही, त्याचं गणितच तसं असतं. नावावर रीतसर घेतला तर पुण्यात सात टक्के मुद्रांक शुल्क, वर नोंदणी, येताना-जाताना एजंटाची दलाली, आणि घर अडकून राहील तितकं व्याज. हे सगळं काढून नफा उरवायचा तर काटछाट जिथं दिसत नाही तिथंच होणार. टीव्हीमागच्या लाकडी पट्ट्या फोटोत येतात, कोबा येत नाही.

त्यात वसंताचा हा हंगाम त्याच्या पथ्यावर पडतो. चैत्रात पुण्यातली कुठलीही भिंत कोरडी असते. पश्चिमेच्या भिंतीला ओल येते का, खिडकीच्या वरच्या छज्ज्यातून पाणी झिरपतं का, हे जुलैशिवाय कळत नाही. जुन्या घरात निदान पापुद्रे सुटलेले असतात, ते वाचता येतात. ताजी पुट्टी आणि रंग मारलेली भिंत काहीच बोलत नाही.

म्हणून शेजाऱ्यांशी बोलावं. एजंटाशिवाय, संध्याकाळी, पार्किंगमध्ये किंवा जिन्यात. आम्हाला त्या नटवलेल्या फ्लॅटबद्दल एकाच इमारतीत तीन सूर ऐकू आले. समोरच्या दारातले गृहस्थ खूश होते: "आमचा रेट किती झाला ते तरी कळलं." वनाझची मेट्रो २०२२ मध्ये गरवारेपर्यंत आणि २०२३ मध्ये रुबी हॉलपर्यंत धावायला लागल्यापासून ते असा कुणीतरी यायची वाटच बघत होते म्हणे. खालच्या मजल्यावरच्या काकूंचा सूर वेगळा. दुपारभर ब्रेकर चालायचा, राडारोड्याची पोती लिफ्टमधून उतरवली, लिफ्टच्या दाराला पोचे आले, आणि विचारायला जावं तर फ्लॅटमध्ये मालक कधी सापडलाच नाही. "तुम्ही घेणार का? मग आमच्या स्वयंपाकघराच्या छताचं काय ते तुम्हीच बघा." छताला फुगवटी धरली होती. वरचं बाथरूम थोडं सरकवून मोठं केलं होतं, ते बरोबर त्यांच्या ओट्याच्या वर आलं होतं. समितीची लेखी परवानगी काढली होती का, यावर सेक्रेटरींनी फक्त मान हलवली. असा फ्लॅट घ्यायचा म्हणजे टाइल्सबरोबर हे भांडणही आपल्या नावावर ट्रान्स्फर होतं, आणि सोसायटीच्या ट्रान्स्फर फीसारखी त्याला पंचवीस हजारांची कमाल मर्यादा नसते.

सेक्रेटरींचाच आक्षेप मला सगळ्यात मोलाचा वाटला. सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी चालू होती. २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे त्याला एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. त्यांचं म्हणणं, ज्यानं नुकतेच सजावटीसकट पैसे मोजलेत तो नवा सभासद हातोडा घालायला कशाला हो म्हणेल? त्यांची काळजी त्यांच्या जागी. घेणाऱ्यानं उलट बाजूनं विचार करावा: पाच-सात वर्षांत इमारत पडणार असेल तर मॉड्युलर किचनचे पैसे कशाला भरायचे? तिथं जुना फ्लॅट घ्यावा, बाथरूम आणि वायरिंग तेवढं करावं, मोझॅक पॉलिश करून घ्यावं. आमच्या मोझॅकला पॉलिश केल्यावर जी झळाळी आली ती बघून वरचे लोक चौकशीला आले.

कागदांचं एकच सांगतो. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्या फ्लॅटचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, काढा. इन्व्हेस्टरनं कधी आणि कितीला घेतला ते तिथं दिसतं, आणि मग पुढचं बोलणं सोपं होतं. काहीच दिसलं नाही तर जास्त सावध व्हा. काही जण मुद्रांक वाचवायला स्वतःच्या नावावर घेतच नाहीत. मूळ मालकाशी नोटरी करार आणि कुलमुखत्यारपत्र करून ठेवतात आणि गिऱ्हाईक मिळालं की त्याच आधारावर पुढं विकायला बसतात. निव्वळ मुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीनं मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच स्पष्ट केलंय. अशा वेळी करारावर मूळ मालकाची स्वतःची सही आणि पैसे त्याच्याच खात्यात, एवढं तरी हवंच. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट उलटं करून बघा, मागं कुणाकुणाच्या नावानं ट्रान्स्फर झालंय ते.

एवढं वाचूनही नटवलेलाच हवा असेल, तर तो घेण्यासारखा असूही शकतो. मित्रानं सहकारनगरला घेतलाय, दोन पावसाळे काढले, तक्रार नाही. त्यानं एक गोष्ट चांगली केली होती: इन्व्हेस्टरकडून काम चालू असतानाचे फोटो मागून घेतले, उखडलेल्या फरशीचे, उघड्या पाइपांचे. ज्यानं काम नीट केलेलं असतं त्याच्या मोबाइलमध्ये असे फोटो असतात आणि तो हौसेनं दाखवतो. एक स्विचबोर्डही उघडून बघा, आत तांब्याची नवी वायर आहे का. आणि बादली ओताच.

भावाचं म्हणाल, तर मूळ मालक सहसा घाईत नसतो. त्याची मुलं परदेशात असतात आणि चांगल्या माणसाला घर जावं अशी इच्छा असते. तिथं घासाघीस लाख-दोन लाखांपुढं जात नाही. इन्व्हेस्टरचं व्याज मात्र दर महिन्याला पुढं सरकत असतं आणि पाऊस लागायच्या आत त्याला मोकळं व्हायचं असतं. पाडव्याला त्यानं सांगितलेला आकडा ऐकून घ्या, टोकन देऊ नका, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा फोन करा.