नव्या स्पोर्ट्स कारची पाच वेळा वॉरंटी दुरुस्ती: फोंड्यातील एकोणीस महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत मी ही गाडी घेतली. दोन आसनांची, टर्बो पेट्रोल इंजिनाची, ड्युअल क्लच गिअरबॉक्स असलेली स्पोर्ट्स कार; वॉरंटी तीन वर्षांची. आज तिचे १४,२०० किलोमीटर झाले आहेत आणि या एकोणीस महिन्यांपैकी ६३ दिवस ती वर्कशॉपमध्ये उभी होती. कंपनीचे आणि विक्रेत्याचे नाव मी मुद्दाम देत नाही. वॉरंटीत सुटा भाग फुकट बदलून मिळतो, परंतु दोषाचे मूळ शोधले जाईलच याची हमी कोणी देत नाही, आणि ते शोधले जावे यासाठी मालकाला स्वतः बरेच लिहून ठेवावे लागते, हा माझा अनुभव अशी कोणतीही महागडी गाडी घेणाऱ्याच्या उपयोगी पडावा एवढीच इच्छा आहे.

गाडी म्हणून ती उत्तम आहे, हे आधीच नमूद करतो. पहाटे केरीहून चोर्ला घाट चढताना वळणावर ती रस्त्याला जशी धरून राहते, तसा अनुभव मला पूर्वीच्या कोणत्याही गाडीने दिला नव्हता. गतिरोधकांवर पोट घासू नये म्हणून काळजी घ्यावी लागते आणि सामानाला जागा नाही, पण या गोष्टी घेतानाच ठाऊक होत्या.

दोष पहिल्यांदा दिसला तो जूनमध्ये, मृगाचा पाऊस लागल्यावर चार-पाच दिवसांनी. सकाळी घरून निघून फर्मागुडीची चढण चढत असताना गिअरबॉक्सचा पिवळा दिवा लागला, गाडीने एक झटका दिला आणि त्यानंतर ती पहिला, तिसरा आणि पाचवा एवढेच गिअर घेऊ लागली. ड्युअल क्लच गिअरबॉक्समध्ये एक क्लच विषम गिअर सांभाळतो आणि दुसरा सम. एका बाजूकडून येणारे संदेश चुकीचे वाटले की नियंत्रक ती बाजू बंद करतो आणि उरलेल्या गिअरांवर कसेबसे घरी पोहोचण्याची सोय ठेवतो. याला लिंप मोड म्हणतात. मी गाडी कडेला घेतली, वीस मिनिटांनी पुन्हा सुरू केली, तेव्हा दिवा विझलेला होता. या विझण्यानेच पुढचे अकरा महिने आमची सर्वांची दिशाभूल केली.

पहिल्या भेटीत स्कॅनर लावून फॉल्ट कोड, म्हणजे गाडीने स्वतः नोंदवलेला दोषाचा क्रमांक, पुसला गेला आणि सॉफ्टवेअर अद्ययावत झाले. तीन दिवस गेले. जुलैमध्ये दिवा पुन्हा लागला, तेव्हा गिअरबॉक्सचा एक स्पीड सेन्सर बदलला, नऊ दिवस. ऑगस्टमध्ये तिसऱ्या वेळी त्यांनी मेकॅट्रॉनिक युनिटच, म्हणजे गिअर बदलणारे झडपांचे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे एकत्रित यंत्र, बदलायचे ठरवले. ते परदेशातून यायचे होते. गाडी ३४ दिवस अडकून पडली आणि चवथीला गावच्या घरी जाण्यासाठी मला भावाची गाडी मागावी लागली. बदली गाडी मिळाली ती दहा दिवस ईमेल पाठवल्यानंतर.

येथे टोइंगबद्दल एक सूचना करावीशी वाटते. अशी बुटकी गाडी पुढची चाके उचलून ओढू देऊ नये. फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारा सपाट ट्रकच मागवावा आणि रॅम्पवर चढवताना पुढचा बंपर घासू नये म्हणून टायरखाली घालायला दोन लांब फळ्या जवळ ठेवाव्यात. माझ्याकडे आलेल्या पहिल्या चालकाकडे फळ्या नव्हत्या. शेजाऱ्यांनी घराच्या कामासाठी आणलेल्या फळ्या त्या दिवशी उपयोगी पडल्या.

सप्टेंबरअखेरीस दिवा चौथ्यांदा लागला. गाडी चार दिवस ठेवून घेतली गेली आणि परत देताना कागदावर एकच ओळ होती: दोष आढळला नाही. ती ओळ वाचून मला जेवढे वाईट वाटले तेवढे आधीच्या ३४ दिवसांनीही वाटले नव्हते. शांतपणे विचार केल्यावर मात्र लक्षात आले की लिहिणाऱ्याने खोटे लिहिले नव्हते. वर्कशॉप छताखाली होते, तेथील फरशी सपाट होती, गाडी चार दिवस कोरडी राहिली होती आणि चाचणीचा फेरा दुपारच्या उन्हात झाला होता. त्या परिस्थितीत दोष खरोखरच नव्हता.

मग मी जुनी जॉब कार्डे, म्हणजे गाडी देताना वर्कशॉप तक्रार आणि काम लिहिते ते कागद, काढून बसलो. चारही कार्डांवर माझी तक्रार सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने ‘गिअर समस्या, तपासणे’ अशा तीन शब्दांत उतरवली होती. मी तोंडी सांगितलेले पाऊस, सकाळची वेळ, पहिले पाच किलोमीटर यांतले काहीच कागदावर नव्हते, आणि आत काम करणाऱ्या तंत्रज्ञापर्यंत फक्त कागद पोहोचतो. तेव्हापासून मी तक्रारीचे वाक्य घरूनच लिहून नेतो, ते जॉब कार्डवर जसेच्या तसे उतरवून घेतो आणि त्याखेरीज सही करत नाही. त्याचबरोबर फॉल्ट कोडची छापील प्रतही मागतो. कोडसोबत त्या क्षणीचा वेग, तापमान आणि विजेचा दाब यांची नोंदही गाडी ठेवत असते, आणि कोड पुसला की ती नोंदही जाते. पहिल्या तीन भेटींतल्या नोंदी अशाच गेल्या, याची मला आजही हळहळ वाटते.

ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत दिवा एकदाही लागला नाही. वर्कशॉपने प्रकरण मिटल्याचे पत्र पाठवले. मला ते पटले नाही, कारण पावसाळ्यातच मी एक वही सुरू केली होती. गाडी रात्री कुठे उभी होती, पाऊस किती पडला, सकाळी किती किलोमीटरांवर दिवा लागला, हे सारे मी तीत टिपत होतो. मे महिन्यात वळिवाची एक मोठी सर आली आणि दुसऱ्या दिवशी बोरीच्या पुलाआधीच दिवा लागला.

माझे थोरले चुलतभाऊ, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, वास्कोला बोटींच्या वायरिंगचे काम करत निवृत्त झाले. मी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी गिअरबॉक्सविषयी काहीच विचारले नाही. “सावईवेऱ्याला मामांकडे दोन रात्री मुसळधार पाऊस होता असं लिहिलंयस, मग तेव्हा दिवा का नाही लागला?” एवढेच त्यांनी विचारले. मामांचे अंगण सपाट आहे. आमच्या अंगणाला उतार आहे आणि गाडी तोंड खाली करून उभी राहते.

दादांच्या सांगण्यावरून मी सर्व्हिस मॅनेजरना भेटलो आणि एकच विनंती केली, की गाडीची मागची बाजू उचलून ती आमच्या अंगणासारखी तिरकी करावी आणि काचेच्या पायथ्याशी अर्धा तास पाणी सोडावे. त्यांनी ती मान्य केली, याचे श्रेय मी त्यांना मनापासून देतो. विसाव्या मिनिटाला पाणी दिसले. पुढच्या काचेखाली पाणी वाहून नेणारी पन्हळ असते. गाडी पुढे झुकली की त्यातले पाणी निचऱ्याच्या भोकांकडे न जाता पुढच्या कडेला साचते, आणि नेमके तेथूनच वायरिंग हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, एका भोकातून इंजिनाच्या बाजूला उतरतो. हार्नेसच्या त्या भोकातल्या रबरी बुचाची कड जोडणीच्या वेळीच आत दुमडलेली होती. पाणी वायरींच्या आवरणातून थेंबाथेंबाने उतरत गिअरबॉक्सच्या कनेक्टरपर्यंत पोहोचत होते. तो कनेक्टर उघडला तेव्हा आतल्या पिनांवर, तांब्या-पितळेच्या भांड्याला चढावा तसा, हिरवा कळंक चढला होता. गाडी चालून इंजिन तापले की ओल वाळायची आणि दिवा विझायचा. “साहेब, हे आम्ही पहिल्याच वेळी उघडून बघायला हवं होतं,” असे मॅनेजर स्वतः म्हणाले. हार्नेस आणि बूच बदलायला १३ दिवस लागले. जो मेकॅट्रॉनिक भाग परदेशातून आणून बदलला, त्यात बहुधा काहीच बिघाड नव्हता.

त्या काळात मी कायद्याची वाटही तपासून ठेवली होती. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि आयोगाची पातळी दिलेल्या किमतीवरून ठरते. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग आणि त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यामुळे माझ्या गाडीसाठी पणजीच्या राज्य आयोगाकडे जावे लागले असते. एवढ्या वेळा बिघडलेली नवी गाडी ठरावीक दुरुस्त्यांनंतर परत घ्यावीच लागेल असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. उत्पादनदोष ग्राहकाला सिद्ध करावा लागतो, आणि त्यासाठी तज्ज्ञाचा तपासणी अहवाल लागतो. ‘दोष आढळला नाही’ असे लिहिलेला कागद स्वीकारून सही करताना हे लक्षात असायला हवे होते. मी चौथ्या भेटीनंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर कंपनीच्या मुख्य कार्यालयातून मला पहिल्यांदा फोन आला.

यंदाचा पावसाळा आता सरत आला आहे. गाडी रोज त्याच उतारावर, तोंड खाली करूनच उभी केली आणि दिवा एकदाही लागलेला नाही. जूनपासूनची वहीची पाने त्या रकान्यात कोरी आहेत. वॉरंटीत बदललेल्या भागाची हमी मूळ मुदतीबरोबरच संपते, म्हणून वर्कशॉपमध्ये गेलेले ६३ दिवस मुदतीत वाढवून मिळावेत आणि नव्या हार्नेसला वेगळी लेखी हमी मिळावी, असे पत्र मी पाच जॉब कार्डांच्या आणि त्या हिरव्या पिनांच्या छायाचित्रांच्या प्रती जोडून जुलैमध्ये पाठवले. हार्नेसबाबतची हमी मिळाली आहे. दिवसांबाबतचे उत्तर यायचे आहे, आणि त्यासाठी मी दर पंधरा दिवसांनी स्मरणपत्र पाठवतो.